गाय आणि गाळ

आमच्या ट्रेनिंग स्कुलात एक सर होते आणि त्यांचा एक शब्द होता, ‘झाका’. मी स्वतः पुढे पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पेन्शनीत निघालो, नातवंडं झाली. तरी घरात कुणी ‘दूध झाका’ म्हटलं की मी अजून दचकून दाराकडे बघतो. बायकोला वाटतं मी सोंग करतो. तिनं तो शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

त्यात भिण्यासारखं काय होतं ते सांगतो. आम्ही ट्रेनिंगवाले सराव शाळेतल्या पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवायचो. समोर सरकारकडून आलेला रंगीत तक्ता, तक्त्यावर बदकाचं चित्र, खाली ‘बदक’ हा शब्द. छडी बदकावर टेकवली की पोरं छपराची कौलं हलतील अशा आवाजात ‘बदक’ म्हणत. मग मोर, मग घर, मग रथ. पाठ असा काही रंगात येई की शिकवणाऱ्याला वाटे, आपण जन्मजात गुरुजी आहोत. नेमका अशा वेळी मागच्या बाकावरून, आवाज जराही न चढवता, शब्द यायचा, ‘झाका’. म्हणजे तळहातानं चित्र झाकायचं आणि खालचा शब्द तेवढा उघडा ठेवायचा. चित्र झाकलं की वर्ग बंद पडे. एखादं पोट्टं अंदाजानं ‘मोर’ ठोकून देई, बाकीची आपल्या तोंडाकडे बघत बसत. सर उठून निघून जात. रागावत नसत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ते कधी येतील याचा नेम नव्हता. सडपातळ माणूस, धोतर, बंद गळ्याचा खादीचा कोट, कोटाच्या दोन्ही खिशांत जुन्या पोस्टकार्डांचे कापलेले तुकडे कोंबलेले. वहाणा वाजू नयेत म्हणून त्या दाराबाहेर काढून अनवाणी आत शिरत. हे ध्यानात आल्यावर आम्ही पाठ देताना एक डोळा दारावर ठेवू लागलो. तर त्यांनी वहाणा लांब चिंचेखाली काढायला सुरुवात केली. उन्हाळ्यात चिंचेपासून वर्गापर्यंतची जमीन अशी तापायची की आम्ही चपला घालूनही पळत जायचो. हा माणूस तेवढं अंतर चटके खात यायचा, आणि ते कशासाठी, तर एका पोराला बदक वाचता येतं की नुसतं दिसतं, ते पाहायला. त्यांच्यामागे आम्ही त्यांना ‘झाकण’ म्हणायचो. तेही आधी चिंचेखाली नजर टाकून, मग दबक्या आवाजात.

त्यांचा दुसरा शब्द होता ‘कशावरून’. सर, मुलांना काना समजला. कशावरून? सर, आज फार उकडतंय. कशावरून? मलकापूरकडचा एक गडी अंगात ताप आहे म्हणून रजा मागायला गेला, त्यालाही तोच प्रश्न. त्यानं बापड्यानं कपाळ पुढे केलं. सरांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, मग स्वतःच्या कपाळावर ठेवला, मग शिपायाला बोलावून त्याच्याही कपाळावर ठेवून पाहिला आणि मगच रजा दिली. शिपाई पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की सरांनी माझा ताप पाहिला.

हे सगळं आम्हाला तेव्हा वेडेपणाचं वाटायचं. पण त्या वेडेपणातून त्यांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं. आमच्या आधीच्या वर्षी म्हणे त्यांनी सबंध उन्हाळ्याची सुटी घालवून शेकडो चित्रं काढली होती, प्रत्येकाखाली सुरेख अक्षरात शब्द. अर्ध्या पोरांना त्या चित्रांवरून शिकवलं, अर्ध्यांना चित्राशिवाय, थोडी अक्षरं आणि त्यांचे आवाज जोडत जोडत. दिवाळीच्या आधी एकेका पोराला व्हरांड्यात बसवून त्यांनी नवे शब्द वाचायला दिले. चित्रवाली पोरं मागे पडली. सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं, ‘मी चुकलो,’ आणि सगळ्या चित्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधून वसतिगृहाच्या आचाऱ्याकडे चूल पेटवायला पाठवून दिला. आचारी सांगायचा की मोर चांगला जळत होता.

आम्हा शिकाऊ पोरांना ते ‘गुरुजी’ म्हणत, ‘अहोजाहो’ करत. पहिलीच्या पोरांना मात्र ‘साहेब’ आणि ‘बाईसाहेब’. ‘या साहेब, बसा. हे काय लिहून हाय, पाहून सांगा बरं आमाले.’ आणि पोस्टकार्डाचा तुकडा पुढे सरकवायचे. त्या तुकड्यांवर कधी कधी असले शब्द असत की जगात कुणी बोलत नाही. ‘टमब’. ‘रघू’चा उलटा ‘घूर’. आम्हाला हसू यायचं. ते म्हणायचे, जो शब्द पोरानं आयुष्यात ऐकला नाही तो त्याला वाचता आला, तर त्याला वाचता येतं. बाकी सगळा आपला गैरसमज.

आता माझं सांगतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी, गावोगाव शाळा निघत होत्या आणि मास्तर पुरत नव्हते, म्हणून माझ्यासारख्या सातवी फायनल झालेल्या पोरालाही नेमणूक मिळाली. ट्रेनिंग झालं तर नोकरी पक्की, नापास झालो तर घरी. आमचं घर धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात. बाप भाजीपाला पिकवायचा, मोताळ्याच्या बाजारात नेऊन विकायचा. माझ्या नेमणुकीचा कागद आला त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारणं सोडलं. ‘गुरुजी, बैल बांधता का?’ ‘गुरुजी, भाकर खाऊन घ्या.’ मस्करी नव्हती ती. आईनं हसून पाहिलं, मी रागावून पाहिलं, त्यानं ऐकलं नाही. त्या एका शब्दानं मला जेवढी धास्ती घातली तेवढी कुठल्या परीक्षेनं घातली नाही. नापास होऊन घरी गेलो तर हा माणूस मला काय म्हणून हाक मारणार?

आणखी एक भीती होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आमच्याकडे ‘ळ’ नाही. म्हणजे लिहिण्यात आहे, बोलण्यात नाही. शाळेला शाया म्हणतात, काळ्याला काया, डोळ्याला डोया. ट्रेनिंगला आल्यावर पहिल्याच दिवशी मी उभा राहून ‘फयावर लिहितो’ म्हणालो आणि शहराकडची पोरं फिदीफिदी हसली. त्यानंतर मी रोज पहाटे विहिरीवर जाऊन ‘काळा फळा, पिवळा मळा’ असं घोकायचो. जीभ मागे वळवून वळवून टाळू दुखायची. चार महिन्यांत माझा ‘ळ’ असा तयार झाला की कुणाला वाटावं हा सदाशिव पेठेत जन्मला. फक्त घाई झाली, घाबरलो, की जुनी जीभ वर यायची. आणि मी घाबरलेला नसायचो असा दिवस नव्हता.

आम्हा प्रत्येकाला पहिलीतली सहा सहा पोरं वर्षभरासाठी दिली होती. वर्षाअखेर बाहेरचे परीक्षक येणार, आपला पाठ पाहणार, आपल्या सहा पोरांना वाचायला लावणार. त्यावर आपला निकाल, आणि त्या पोरांचं दुसरीत जाणंही त्यावरच. त्यामुळे मी माझी सहा पोरं अशी तयार केली की बोलायची सोय नाही. पुस्तकातले धडे ती धाडधाड वाचत. बोट शब्दाखाली, मान डावीकडून उजवीकडे, सगळं रीतसर.

एक दिवस असंच वाचन चाललं होतं. पाठ सुरू केला तेव्हा चिंचेखाली वहाणा नव्हत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. सर कधी आले कळलं नाही. त्यांनी पहिल्या पोराच्या हातातलं पुस्तक अलगद घेतलं, दोन पानं उलटली आणि परत त्याच्या हातात दिलं. ते म्हणाले, ‘चालू द्या साहेब.’ साहेबांनी बोट नव्या पानावर ठेवलं आणि जुनाच धडा पुढे चालू केला. पानावर बैलगाडीचा धडा होता आणि पोरगा म्हणत होता की ताईनं फुलं आणली. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. पाचवा तर पान उलटण्याआधीच संपवून मोकळा झाला. जाताना सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘गुरुजी, पाठांतर फार छान घेतलं.’ त्यांचा हात काढल्यावरही मला तो खांद्यावर आहे असंच वाटत राहिलं.

सहावी तेवढी गप्प बसली होती. तिचं नाव वच्छी. गावाबाहेर ओढ्याकाठी तिच्या बापाचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. पाठांतरात ती सगळ्यात कच्ची, म्हणून मी तिला मागे बसवायचो. तिनं नव्या पानाकडे बघितलं, बराच वेळ ओठ हलवले आणि हळूच ‘बैल’ म्हणाली. एवढंच. पण तो शब्द त्या पानावर होता.

त्या दिवसापासून सर रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसू लागले. माझी पाचावर धारण बसली. आता पुस्तक बंद. पोस्टकार्डाचे तुकडे, चार अक्षरं, त्यांचे शब्द, मग आणखी दोन अक्षरं, त्यांचे शब्द. पोरं रडकुंडीला यायची आणि मीही. पण दोन-तीन महिन्यांत कधी तरी ती खरंच वाचायला लागली. वच्छी सगळ्यांच्या पुढे. आणि तिथंच घोटाळा सुरू झाला.

सरांनी तिच्यापुढे ‘फळा’ लिहिलेला तुकडा ठेवला. ती म्हणाली, ‘फया.’

मी लगेच दुरुस्त केलं, ‘फळा म्हण.’

सरांनी माझं मनगट धरलं. ‘काऊन दुरुस्त करून राह्यले, गुरुजी?’

‘चुकीचं वाचलं ना सर.’

‘कशावरून?’

मी तुकड्यावरच्या ‘ळ’वर बोट ठेवलं. ते म्हणाले, ‘तिच्या घरी फळ्याले काय म्हनतात? फया. मंग तिनं अक्षर पाह्यलं, अन् आपल्या घरचा शब्द काढला. हे वाचनच झालं ना. जे पोट्टं तुमच्यासारखं घोळून फळा म्हनते, त्याचीच मले शंका येते. ते तुमच्या तोंडाकडे पाहून शिकलं असन.’

मी म्हटलं, ‘पण सर, तिला ळ आणि य एकच वाटत असेल तर?’

हा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना शंका काढणारा माणूस आवडायचा, मला ते तेव्हा कळलं. त्यांनी दोन तुकडे घेतले. एकावर लिहिलं ‘गाय’, दुसऱ्यावर ‘गाळ’. वच्छीनं पहिला वाचला, ‘गाय.’ दुसरा वाचला, ‘गाय.’ मी सरांकडे पाहिलं. सरांनी विचारलं, ‘बाईसाहेब, यातली दूध देनारी कोनती?’ तिनं पहिल्यावर बोट ठेवलं. ‘अन् तुमच्या विहिरीतून बाप काढते ते?’ तिनं दुसऱ्यावर ठेवलं. सरांनी तुकडे पाठीमागे नेऊन उलटसुलट केले, पुन्हा विचारलं. चार वेळा विचारलं. चारही वेळा बरोबर. वर ती आपण होऊन म्हणाली, ‘गायात पाय फसते.’

सर खूप वेळ हसत होते. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुमच्या घरी फळ्याले काय म्हनतात, गुरुजी?’

‘फळा,’ मी म्हणालो.

‘कशावरून?’ ते म्हणाले, पण उत्तराला थांबले नाहीत.

त्याच दुपारी त्यांनी मला स्वतःची एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितली असेल असं वाटत नाही. ते लहानपणी चौथीपर्यंत पहिल्या नंबरावर होते. सगळी पुस्तकं पाठ. मग एकदा घरी पत्र आलं. बाप निरक्षर, त्यानं हौसेनं चार माणसांत पोराच्या हातात पत्र दिलं. आणि पोराला त्यातला एकही शब्द काढता येईना. ‘मले तोवर माहीतच नव्हतं,’ सर म्हणाले, ‘की मले वाचता येत नाही. मास्तरालेही माहीत नव्हतं. बाप म्हने, पोट्टं लबाडी करून राह्यलं, वाचत नाही मुद्दाम. लय मारलं.’ ते थोडा वेळ तुकड्यांची चळत सारखी करत राहिले. ‘पोट्टे कौलं हालवून बदक बदक म्हनतात ना, गुरुजी, तवा मले भेव वाटते. खूप भेव वाटते.’ ज्या माणसाला अख्खं ट्रेनिंग स्कूल भ्यायचं त्यालाही कशाची तरी भीती वाटते, हे ऐकून माझी भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली.

परीक्षा जवळ आली तेव्हा वच्छीचा बाप एकदा शाळेत आला. हातात वांग्यांची टोपली. म्हणाला, ‘गुरुजी, पोट्टीले येते का काही? दुसरीत गेली तं शिकवतो. नाही तं मयात कामं लय पडले. लहान पोरगंही सांभाळते ती.’ मी म्हटलं, जाईल, नक्की जाईल. तो ‘बरं’ म्हणाला आणि टोपली ठेवून गेला.

परीक्षकसाहेब पुण्याकडून बदलून आलेले होते. गोरेपान, चष्मा, बोलणं असं धुतलेलं की आपण तोंड उघडायच्या आधीच अशुद्ध वाटावं. माझा पाठ बरा गेला. एकदाही जीभ घसरली नाही. मग त्यांनी माझ्या पोरांना एकेक करून पुढे बोलावलं. पाच जणांनी वाचलं. सहावी वच्छी. साहेबांनी खडू घेऊन स्वतः फळ्यावर लिहिलं, ‘बाळ पळत मळ्यात गेलं.’ आणि तिला वाचायला सांगितलं.

तिनं ओठ हलवले नाहीत, अडखळली नाही. मोठ्यानं वाचलं, ‘बाय पयत मयात गेलं.’ आणि साहेबांकडे वळून काळजीनं म्हणाली, ‘त्याले काटा रुतन ना.’

साहेब हसले, त्यांच्या मागे हेडमास्तर हसले, मग आमच्यातलेही काही हसले. ‘बाय पयत?’ साहेब म्हणाले. ‘ही कुठली भाषा? हिला अक्षरओळखच नाही.’

सर मागच्या बाकावरून उठून पुढे आले. अनवाणीच होते. ‘साहेब, तिनं वाचलं,’ ते म्हणाले. ‘तिच्या बोलीत ळचा य होतो. काटा रुतेल म्हणाली, म्हणजे अर्थही लागला. मला दोन मिनिटं द्या, मी दाखवतो.’ आणि खिशात हात घालून तुकडे चाचपू लागले. दोन-चार तुकडे खाली पडले.

‘मी इथं पत्ते खेळायला आलो नाही,’ साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. ते माझ्याकडे वळले. ‘तुमचं गाव कोणतं?’

मी सांगितलं.

‘मग घरी तुम्हीही असंच बोलत असाल. शिक्षकाची जीभ शुद्ध नसली की पोरांचं हे असं होतं.’ त्यांच्या हातात माझा गुणांचा कागद होता आणि त्यावर पेन्सिल टेकलेली होती, पण आकडा अजून लिहिलेला नव्हता. ‘वर्षभर तुम्ही शिकवलंत ना हिला? तुम्हीच सांगा. येतं हिला वाचायला?’

सरांना तुकडे सापडले होते. एक एका हातात, एक दुसऱ्या हातात, असे ते माझ्याकडे बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच काळजी नव्हती. गाय आणि गाळ चार वेळा बरोबर सांगितलेलं पाहणारा माणूस आता बोलणार आहे, मग प्रश्नच मिटला, असा तो चेहरा होता. मला त्या चेहऱ्याची नाही, त्या पेन्सिलीची भीती वाटली. बाप आठवला. गुरुजी म्हणणारा.

‘नाही साहेब,’ मी म्हणालो. ‘तिला वाचता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.’

त्या ‘पुष्कळ’मधला ळ माझ्या तोंडून इतका स्वच्छ पडला की साहेबांनी मान हलवली. पेन्सिल चालली. सर खाली वाकून पडलेले तुकडे गोळा करू लागले. वच्छी फळ्याजवळच उभी होती. तिला जा म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी पास झालो. चांगल्या गुणांनी झालो. गावाकडे निघायच्या दिवशी वळकटी बांधून सरांच्या पाया पडायला गेलो. जायचं नव्हतं, पण न जाणंही जमलं नाही. रस्ताभर मी मनातल्या मनात शिव्या खायची तयारी करत होतो. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. पाया पडू दिलं. मग म्हणाले, ‘गुरुजी, तुमी त्या दिवशी म्हनले, तिले वाचता येत नाही. कशावरून?’

मी वळकटीची दोरी पुन्हा आवळू लागलो.

‘मले नका सांगू,’ ते म्हणाले. ‘तिच्या मयात जा. काही तरी नवं लिहून तिच्यापुढे ठेवा. वाचते का पाहा. अन् जे दिसन ते इथं येऊन मले सांगा. मी बसून हावो.’

मी ‘हो’ म्हणालो. परत गेलो नाही. शिपायाकडून पुढे कळलं की सर त्या दिवशी शेवटची गाडी जाईपर्यंत व्हरांड्यात बसून होते. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली घाटावर, लोणारकडे कुठे तरी झाली. त्यांची माझी पुन्हा भेट नाही. एवढी वर्षं मास्तरकी केली, शेकडो पोरांसमोर चित्र झाकलं, कशावरून असं स्वतःला विचारलं, सगळं त्यांचंच केलं. पण त्यांना जाऊन भेटायची हिंमत झाली नाही. ते पहिला प्रश्न कोणता विचारतील ते मला माहीत होतं.

मळ्यात मात्र मी त्याच दिवशी गेलो होतो. पिशवीत पाटी-पेन्सिल घेऊन, बांधाबांधानं. ऊन चढलेलं होतं. वच्छीचा बाप मोटेजवळ होता. ‘या गुरुजी,’ म्हणाला, आणि पाणी दिलं. मी पास झाल्याचा त्याला आनंद झाला. वच्छी वांग्यांच्या वाफ्यात होती, कडेवर लहान भाऊ. मला पाहून ती ओळखीचं हसली नाही, की पळालीही नाही. मी तिला विहिरीजवळच्या सावलीत बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, ‘तुझा भाऊ झोपला आहे.’ पाटी तिच्यापुढे धरली.

तिची नजर पहिल्या अक्षरावर गेली, तिथून सरकत सरकत शेवटपर्यंत गेली. मग तिनं मान वळवून कडेवरच्या भावाकडे पाहिलं. त्याचे डोळे खरंच मिटत आले होते. तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर नीट टेकवलं.

‘वाच ना,’ मी म्हटलं. ‘काय लिहिलंय?’

‘मले वाचता येत नाही, गुरुजी,’ ती म्हणाली. ‘तुमीच तं सांगतलं साहेबाले.’

तिचा बाप मोटेवरून हे ऐकत होता. त्याला पोरीचं कौतुक वाटलं.

‘पाहा गुरुजी,’ तो म्हणाला, ‘माही पोट्टी कधी खोटं बोलत नाही.’

मी मान हलवली आणि पाटी पुसली.